आरशांना दिसलेले ढग

आभाळात ढगाचा ठिपकासुद्धा नव्हता. आणि बाणाईवाडीचे तीनशे आरसे एका सुरात सांगत होते, आभाळ भरून आलंय.

दसऱ्याचा दुसरा दिवस. ऊन एवढं चढलेलं की पत्र्याला हात लागला तर चटका बसावा. म्हाळसा कोकरे आरशांच्या वावरापाशी बांधावर उभी होती. सहावीतली पोरगी. एक वेणी सुटलेली, गालात चिंचेचा गोळा. एरवी या वेळेला सगळे आरसे मान तिरकी करून उभे असतात. आज ते आभाळाकडं तोंड करून आडवे पडले होते. म्हणजे झोपले होते.

"म्हाळेऽ! तुझ्या आज्ज्याच्या आरशांनी संप केला वाटतं!" सायकलवरून सिद्राम गडदे ओरडला. म्हाळसाच्याच वर्गातला. "आमचा बघ. अख्ख्या गावात एक शहाणा."

खरंच, सिद्रामच्या घरचा आरसा जागा होता. मान तिरकी, कामाला लागलेला.

"शहाणा म्हणे! त्याच्यावर धूळ बघ किती. बोटानं नाव लिहिता येईल."

"असू दे की धूळ. कामाला तर गेलाय. तुमचा बघ, आंघोळ करून झोपलाय."

म्हाळसानं झोपलेल्या आरशांकडं बघितलं. खरी गंमत तीच होती. धुतलेले, पुसलेले, लखलखीत आरसे झोपले होते. आणि जे पाचसहा जागे होते, ते सगळ्यांत मळके होते.

आता इथं जरा थांबतो. आधी थोडं सांगितलं नाही तर पुढचं कळणार नाही.

बाणाईवाडी सोलापूरकडच्या माळावर आहे. गोष्टीतला काळ म्हणजे तुम्ही मोठे व्हाल तेव्हाचा. या माळावर माळढोक नावाचा पक्षी राहतो. चांगला तुमच्या कमरेएवढा उंच, आणि वजनाला भलताच जड. तुमच्या-माझ्या काळात तो इथून जवळजवळ संपत आला होता. कारणं पुष्कळ. त्यातलं एक म्हणजे विजेच्या तारा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळं समोरची तार त्याला नीट दिसत नाही. दिसलीच तरी एवढं जड अंग ऐन वेळेला वळवता येत नाही. तो तारेवर आदळतो आणि मरतो.

म्हणून बाणाईवाडीनं माळावरचे सगळे खांब काढले, तारा उतरवल्या. बाहेरची वीज बंद. गावातल्या गावात वायरी जमिनीखालून. मग वीज आणायची कुठनं? गावानं ठरवलं, आपली आपण करायची. उन्हापासून.

म्हाळसाचा आज्जा, धुळाप्पा कोकरे, शास्त्रज्ञ. उभं आयुष्य उष्णतेच्या मागं घालवलेला माणूस. त्यानं गावाबाहेर एक उंच मनोरा उभा केला आणि भोवती तीनशे आरसे लावले. दुपारी त्या मनोऱ्याचं टोक पांढरंशुभ्र पेटल्यासारखं दिसायचं. जागरणात खंडोबापुढं पेटवतात ती दिवटी असते ना, अगदी तसं. म्हणून गाव त्याला दिवटीच म्हणायला लागलं. पाखरं त्या उजेडात शिरू नयेत म्हणून दिवटीवरून ससाण्याचा आवाज वाजत राहायचा.

आणि आरसे? एका घराला एक. सोमवारी सकाळी ज्याचा आरसा त्यानं धुवायचा. लोक 'आमची म्हैस' म्हणतात तसं 'आमचा आरसा' म्हणायचे.

एवढं कळलं? मग चला.

म्हाळसा पळत दिवटीखालच्या खोलीत गेली. आज्जा पडद्यासमोर बसला होता. चष्मा डोक्यावर, आणि तो चष्माच शोधत होता.

"डोक्यावर हाय," म्हाळसा म्हणाली.

"हं." त्यानं चष्मा खाली ओढला. "बघ ना पोरी. काय बोलतेत बघ हे."

पडद्यावर तीनशे चौकटी होत्या. एका आरशाला एक. जवळजवळ सगळ्यांत एकच शब्द: ढगाळ.

"पण बाहेर तर ढग न्हाईत."

"तेच तर म्हणतोय मी. तेच म्हणतोय सकाळधरनं." आज्जा रात्री झोपला नव्हता, हे त्याच्या डोळ्यांवरून कळत होतं. "काल दुपारपासनं हे असंच. वायरी तपासल्या. प्रोग्राम पुन्हा पुन्हा चालू करून बघितला. ज्यांनी आरशांचे हे नवीन, सूर्य शोधणारे डोळे बनवले त्यांना फोन लावला. ते म्हणतात दमट हवेनं खराब झाले असतील, आठवड्याभरात दुसरे पाठवतो."

"मग आठवडाभर थांबू."

आज्ज्यानं पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका आकड्यावर बोट ठेवलं. दोनशे सत्तर.

"हे काय?"

"गार हंड्यातल्या मिठाची उष्णता."

म्हाळसाला हसू आलं. "दोनशे सत्तर अंश म्हणजे गार? पाणी शंभरला उकळतं, तुम्हीच सांगितलं होतं."

"मिठासाठी गार, बाई. बस इथं." त्यानं शेजारचं स्टूल ओढलं. काळजीत असला तरी समजावायला लागला की त्याचा आवाज मऊ व्हायचा. "वर्गात आरशानं कवडसा पाडतेस का न्हाई भिंतीवर?"

"पाडते. एकदा बाईंच्या डोळ्यावर पडला."

"शाब्बास. आता एक पोरगं एक कवडसा पाडतं. तिथं हात ठेवला तर नुसतं ऊन लागतं. पण तीनशे पोरांनी तीनशे कवडसे एकाच ठिकाणी पाडले तर?"

"हात भाजंल."

"लोखंड लाल होईल. दिवटीच्या टोकाला ते सगळे कवडसे एकत्र येतात. तिथं नळ्या आहेत, आणि नळ्यांतून वाहतं मीठ."

"भाजीतलं?"

"न्हाई. खतात असतं तसलं, दोन प्रकारचं मिसळून. नुसतं ठेवलं तर पांढरी पूड. तापवलं की वितळतं आणि पाण्यासारखं पळतं. खालच्या गार हंड्यातनं ते वर जातं, उन्हानं तापतं, पाचशे साठ अंशापर्यंत, आणि उतरून गरम हंड्यात साठतं. हंडे म्हणजे आपल्या घराएवढ्या टाक्या. भोवती हातभर जाड गोधडी." (गोधडी म्हणजे इथं उष्णतारोधक, उष्णता बाहेर जाऊ न देणारा थर.) "मग पाहिजे तेव्हा त्या गरम मिठानं पाणी उकळायचं. वाफ होते. वाफ जोरात पात्यांवर सोडायची, पाती फिरतात." (या पात्यांच्या यंत्राला टर्बाइन म्हणतात.) "पात्यांबरोबर जनित्र फिरतं, वीज होते. आणि उरलेलं कोमट पाणी पाइपानं गावात. शाळेच्या स्वयंपाकाला, आंघोळीला…" तो थांबला. "आणि माळढोकाच्या अंड्याच्या खोलीला."

"मग साधी सोलर पॅनेल का न्हाई लावली? सिद्रामच्या मामाच्या गावात आहेत."

"चांगली असतात ती. उजेडाची थेट वीज करतात. पण ऊन गेलं की वीज गेली, साठवायची तर मोठ्या बॅटऱ्या लागतात. आपण वीज न्हाई साठवत. आपण ऊनच साठवतो. मिठात."

ऊन साठवायचं. म्हाळसानं हे शब्द आधी ऐकले होते, पण आज पहिल्यांदा तिला वाटलं की हे ऐकायला सोपं आहे, पण आपल्याला अजून नीट समजलेलं नाही.

"मग आता काय झालंय?"

"दसऱ्याच्या आधी सलग आभाळ होतं ना? तेव्हाच गरम हंडा संपला. मी म्हटलं, ऊन पडेल, भरून निघेल. ऊन पडलं, आणि आरसे झोपले. आता गार हंडा पण निवत चाललाय. दोनशे चाळीसच्या आसपास आलं की हे मीठ थिजायला लागतं. तूप थिजतं तसं. हंड्यात थिजलं तर एकवेळ चालेल. नळ्यांत थिजलं की नळ्या गेल्या. मग दिवटी कित्येक महिने बंद."

"बॅटरी आहे की एक."

"आहे. छोटी. तिच्यावर नळ्या गरम ठेवल्यात." आज्ज्यानं चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसला. "आणि तिच्यावरच अंड्याची पेटी. दोन्ही मिळून संध्याकाळपर्यंत. एक बंद केलं तर दुसरं उद्या सकाळपर्यंत निघेल."

म्हाळसाच्या गालातला चिंचेचा गोळा आंबट लागेनासा झाला.

"कुठलं बंद करणार?"

आज्ज्यानं उत्तर दिलं नाही.

अंड्याची खोली दिवटीच्या मागं होती. आत हिराक्का बसली होती, सिद्रामची आई. माळढोकांची निगा राखायचं काम तिच्याकडं. शिकून घेतलेलं काम, आणि जीव लावून केलेलं. आठवड्यापूर्वी तिची सासू वारली होती, तरी ती इथं यायची सोडली नव्हती.

काचेच्या पेटीत एकच अंडं होतं. माळढोक एका वेळी एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर. या अंड्याची आई पावसात जागा सोडून गेली होती. मातकट हिरवं अंडं, त्यावर तपकिरी डाग, कुणी ओल्या ब्रशानं उडवल्यासारखे. फुटायला अगदी टेकलेलं.

"आक्का, दवाखान्यात नेतात तसं शहरात न्यायचं का ह्याला?"

"फुटायला आलेलं अंडं गाडीत घालून खड्ड्यातनं न्हेत्यात व्हय गं?" हिराक्का हळू बोलली, जणू आत कुणी झोपलंय. "ऊब गेली तर मी पोटाशी धरून बसंन. पण माझी ऊब कमी-जास्त हुती. त्याला एकसारखी लागती. कोंबडीच्या अंड्यासारखं दणकट न्हाई हे."

ती पेटीवर हात ठेवून होती. काच पुसल्यासारखा हात फिरवत होती.

"सासूबाई म्हणायच्या, हे बघून जाईन. न्हाई जमलं त्यांना." मग एकदम सावरून, "जा तू. सिद्राम भायेर असंल, त्याला म्हणावं जेवून घे."

म्हाळसा बाहेर आली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिनं ऊन लागल्याचं निमित्त करून पुसलं. सिद्राम आरशांमधून सायकल हातात धरून चालत होता.

"सिद्र्या, तुमचा आरसा का जागा असेल रे?"

"सांगितलं की. शहाणा हाय."

"नीट सांग ना."

तिचा आवाज ऐकून सिद्रामनं थट्टा सोडली. दोघं जागे आरसे बघत फिरले. एक उत्तरेच्या टोकाला होता. एक पार दिवटीखाली. एक लिंबाच्या झाडाजवळ. म्हणजे जागेचा संबंध नव्हता. एक अगदी नवा होता, दोन जुने. म्हणजे वयाचाही नव्हता. आणि सगळे धुळीनं माखलेले.

"धुळीमुळं जागे राहत असतील," सिद्राम म्हणाला.

"येडा आहेस. धुळीनं ऊन कमी उलटतं."

"मग झोपलेल्यांवर धूळ टाकून बघू."

"आज्जा मारेल."

ती बांधावर बसली. खिशात हात घातला तर आपट्याची पानं निघाली, काल वाटून उरलेली. चुरगळली होती. तिनं एक सिद्रामपुढं धरलं. "सोनं घे. काल भेटला न्हाईस."

सिद्रामनं हात मागं घेतला. "आम्हाला सण न्हाई गं. सुतक हाय." (घरात कुणी वारलं की काही दिवस त्या कुटुंबात सण, पूजा करत नाहीत. त्याला सुतक म्हणतात.)

"हां. विसरले." तिनं पान परत खिशात ठेवलं. मग हात तिथंच राहिला. "सिद्र्या, सुतकात तुम्ही आरसा पण धुतला न्हाई?"

"न्हाई. आईला कुठनं सुचणार."

"आणि तो लिंबाजवळचा कुणाचा?"

"मल्लूकाकाचा."

"तो टोकाचा?"

"थोरल्या अण्णाचा." सिद्रामचे डोळे मोठे झाले. "आणि दिवटीखालचा बाळाक्काचा. म्हाळे, हे सगळे गडदेच हायत! आमची भावकी!"

सुतक एका घराला लागत नाही, सगळ्या भावकीला लागतं. म्हणजे गावात काल ज्यांच्याकडं सण नव्हता, नेमके त्यांचेच आरसे जागे होते.

"काल आम्ही काय केलं जे तुम्ही न्हाई केलं?" म्हाळसा उभी राहिली. "पुरणपोळी खाल्ली. सोनं वाटलं. आणि…"

ती पळाली. थेट आपल्या घरच्या आरशापाशी.

दसऱ्याला लोक आपापली अवजारं पुजतात. कुणी नांगर, कुणी शिलाई मशीन, कुणी मोटारसायकल. बाणाईवाडीत आरसा पुजतात. हळदीची पूड, म्हणजे खंडोबाचा भंडारा, पाण्यात कालवून आरशाला टिळा लावायचा, झेंडूचं फूल वाहायचं. दर वर्षीचंच होतं ते. आजवर टिळा खांबाला लागायचा. पण या पावसाळ्यात प्रत्येक आरशाच्या बरोबर मधोमध एक काळं भोक आलं होतं, बोराएवढं, आत चकाकती काच. लोकांनी बघितलं आणि त्यांना वाटलं, हे कपाळ. टिळा तिथंच शोभतो.

ते कपाळ नव्हतं. तो आरशाचा डोळा होता.

त्या डोळ्यावर आता रुपयाएवढा पिवळा, वाळून कडक झालेला भंडारा होता. म्हाळसानं तो सकाळपासून दहादा बघितला होता. आज्ज्यानं बघितला होता. सगळ्या गावानं बघितला होता. कुणाला तो दिसला नव्हता. कारण बाणाईवाडीत भंडारा ही घाण नसतेच मुळी. धूळ पुसतात, चिखल पुसतात. भंडारा आपण होऊन झडेपर्यंत तसाच राहू देतात.

तिनं बोट पुढं केलं. मागं घेतलं.

"देवाचा हाय," सिद्राम धापा टाकत आला. "पुसायचा न्हाई."

"माहितीये." ती बघत राहिली. पेटीवरून फिरणारा हिराक्काचा हात तिला दिसत होता. "पुसत न्हाई. घेते."

तिनं सिद्रामच्या बाटलीतल्या पाण्यानं ओढणीचं टोक ओलं केलं आणि अलगद भंडारा सोडवला. बोटाला लागला तो आपल्या कपाळाला लावला. मग काच स्वच्छ केली आणि मागं सरली.

काही झालं नाही.

सिद्राम म्हणाला, "बघ, मी म्हणलं नव्हतं…"

कुर्रर्र. आरशानं मान उचलली. थोडा इकडं, थोडा तिकडं, झोपेतून उठलेलं पोरगं आई कुठंय बघतं तसा. मग थांबला. आणि दिवटीच्या टोकावर एक नवा कवडसा जाऊन बसला.

"आज्जाऽऽऽ!"

धुळाप्पा आज्जा आला तो एका पायात चप्पल घालून. म्हाळसानं धापा टाकत सांगितलं. तो शेजारच्या झोपलेल्या आरशाकडं वाकला, पिवळा टिळा बघितला, आणि तिथंच मातीत बसला.

"पहिला मीच लावला," तो म्हणाला. "काल सकाळी. मलाच माहीत तो डोळा आहे. मीच बसवला. आणि हात आपोआप मधोमध गेला बघ." त्याला हसू यायला लागलं आणि डोळेही भरले. "सारी वायर न् वायर उकलली मी. समोर बघितलंच न्हाई."

"पण आज्जा, तो ढगाळ का म्हणत होता? अंधार का न्हाई म्हणाला?"

आज्जा एवढ्या घाईतही थांबला. असा प्रश्न तो कधी सोडायचा नाही. त्यानं भंडाऱ्याचं बोट उन्हात धरलं.

"आपण गोधडी तोंडावर घेऊन उन्हात पडलो तर काय दिसतं? उजेड दिसतो. पण सूर्य कुठं आहे ते कळतं का?"

"न्हाई. सगळीकडं सारखाच उजेड."

"ढग तेच करतात. ऊन विस्कटतात." (सरळ रेषेत येणारा उजेड असा सगळीकडं पसरला की त्याला विखुरलेला प्रकाश म्हणतात.) "भंडाऱ्यानंही तेच केलं. आरशाला सरळ येणारं ऊन लागतं, विस्कटलेल्या उजेडाचा कवडसाच पडत न्हाई. आरशाचा डोळा एका बाजूला सूर्य शोधतो, दुसऱ्या बाजूला दिवटी, आणि मान बरोबर दोघांच्या मध्ये धरतो. ऊन ज्या कोनात येतं त्याच कोनात उलटतं, म्हणून. सूर्य सरकला की मान सरकवायची, संध्याकाळपर्यंत. सूर्यच दिसला न्हाई, तर बिचारा करणार काय? म्हणाला ढगाळ, झोपू या."

"खोटं न्हाई बोलला तो."

"न्हाई. त्याला दिसलं ते बोलला." आज्जा उठला. "चल. मंदिराचा लाउडस्पीकर."

आज्ज्याचा घसा बसला होता, म्हणून लाउडस्पीकरवर म्हाळसाच बोलली. "सगळ्यांनी आपापल्या आरशापाशी या! ओलं फडकं आणा! दिवटी विझायला आली आहे!"

माणसं आली. जेवणं सोडून, हात न धुता. पण भंडारा काढायचं म्हटल्यावर सगळे अडखळले. मोट्यांचा म्हातारा काठी टेकून उभा राहिला. "पुजलेलं पुसत्यात व्हय रं धुळाप्पा? वंगाळ दिसतंय."

आज्जा बोलायला तोंड उघडणार, तोवर म्हाळसा पुढं झाली. "बाबा, पुसायचा न्हाई. आपल्या कपाळाला लावायचा. आरशानं आपल्याला लावला असं समजायचं."

म्हातारा तिच्या पिवळ्या कपाळाकडं बघत राहिला. मग वाकून, कण्हत, त्यानं आपल्या आरशाचा भंडारा काढला आणि दोन बोटांनी आपल्या सुरकुतलेल्या कपाळावर ओढला.

"येळकोट येळकोट," तो पुटपुटला.

"जय मल्हार!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि मग सगळं वावर हललं.

गडद्यांच्या घरचे लोक भंडाऱ्याला शिवू शकत नव्हते. त्यांनी बादल्या भरून आणल्या, फडकी पिळून दिली. सिद्राम सायकलवरून लांबच्या टोकांना पाणी पोचवत होता आणि जाताना ओरडत होता, "मागं सरका! त्याच्या पुढ्यात उभं राहू नका, डोळे दिपतील!"

कुर्रर्र. कुर्रर्र. एकेक मान वर. दिवटीच्या टोकावर कवडशावर कवडसा. आधी पिवळट. मग पांढरा. मग बघवेना. खोलीत पडद्यावरचा आकडा दोनशे एकोणपन्नासवर येऊन ठेपला होता. आज्जा त्याच्यासमोर हात जोडल्यासारखा बसला होता, जोडले नव्हते तरी.

दोनशे एकोणपन्नास. तिथंच. बराच वेळ तिथंच.

दोनशे पन्नास.

आज्ज्यानं टेबलावर डोकं टेकवलं. म्हाळसानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मघाशी त्यानं तिला उत्तर दिलं नव्हतं, दोघांतलं कुठलं बंद करणार म्हणून. आता द्यायची गरज राहिली नव्हती. तिनंही पुन्हा विचारलं नाही.

दुपारभर मीठ वर चढत राहिलं आणि पांढऱ्या टोकातून तापून उतरत राहिलं. सूर्य कलला तेव्हा गरम हंडा पाव भरला होता. आजच्यापुरता, उद्या सकाळपर्यंतचा. पात्यांचा घूंऽऽ आवाज सुरू झाला, आणि बॅटरीला सुट्टी मिळाली.

सूर्य मावळला. आरसे झोपले, या वेळी वेळेवर.

म्हाळसा अंड्याच्या खोलीत आली. पेटीखालच्या पाइपातून कोमट पाणी वाहत होतं. तिनं पाइपाला हात लावला. आईनं दुपारी शेगडीवरून उतरवून गोधडीत गुंडाळलेलं भांडं संध्याकाळी लागतं, तसं ऊबदार.

"आज्जा," ती हळू म्हणाली. "हे दुपारचं ऊन आहे."

"हं."

"बाहेर सूर्य न्हाई. पण ह्याला ऊन लागतंय. मिठानं धरून ठेवलं, मग पाण्याला दिलं, आणि पाण्यानं अंड्याला."

आज्ज्यानं मान डोलावली. तिनं सगळंच सांगून टाकलं होतं.

जरा वेळानं तिनं विचारलं, "एक दिवसाचं ऊन रात्रीला पुरतं. मग उन्हाळ्याचं हिवाळ्याला धरून ठेवता येईल?"

"मिठात अवघड आहे. ते थिजायची भीती कायमची. पण वाळू घेतली तर? किंवा दगड? ते कितीही निवले तरी नळ्या बंद करत न्हाईत. घराएवढी न्हाई, टेकडीएवढी वाळू, भोवती मोठी गोधडी. बरेच लोक त्याच्या मागं लागलेत." तो तिच्याकडं बघून हसला. "माझ्याच्यानं आता होणार न्हाई. मी समोरचा टिळा चुकवणारा माणूस."

"मी करते. पण तुम्ही सोबत बसायचं."

"बसंन की. चष्मा तू सांभाळ."

सिद्राम दारातून आत डोकावला. "आन् वाळू आणणार कोण? मीच. सायकलवर. टेकडीभर."

"श्श्!" हिराक्कानं एकदम हात वर केला. ती पेटीवर वाकली होती. तिचा चेहरा आठवडाभर कुणी पाहिला नव्हता असा दिसत होता. "गप बसा सगळी. काय बोलू नका."

खोली गप्प झाली. पाण्याचा बारीक आवाज. पात्यांचा लांबचा आवाज. आणि त्यांच्या खाली, काचेच्या आतून, कवचाच्याही आतून, अगदी बारीक:

टक्.

मग जरा थांबून, टक् टक्.

हिराक्कानं पदर तोंडावर धरला. "आता ते बोलतंय," ती म्हणाली.